फोल्डर कॉपी करू का, सर?

परवा गुरुवारी ऑफिसात एक नवीन पोरगा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. कॉलेजातून बाहेर पडून चार महिने झालेत. हुशार आहे, कामाला वाघ आहे. म्हणाला, "सर, नवीन पतसंस्थेची ऑर्डर आलीय. गेल्या वर्षीच्या संस्थेचा फोल्डर कॉपी करून नाव बदलू का? सोमवारपर्यंत डेमो तयार होतोय."

मी म्हणालो, "नको." त्यानं विचारलं, "का?" आणि मग जे सुरू झालो ते अर्धा तास थांबलोच नाही. बिचारं पोरगं हातातला चहा गार होईपर्यंत ऐकत उभं होतं. रात्री घरी आल्यावर वाटलं, एवढा आवाज चढवायची गरज नव्हती. पण कारण होतं. ते त्याला धड सांगता आलं नाही, म्हणून आज शनिवारी निवांत बसून लिहितोय. त्याच्यासाठी, आणि पुण्या-बंगळुरात हाच उद्योग जास्त पगारावर करणाऱ्या तुम्हा मंडळींसाठीही :)

तर आधी एक जुना गुन्हा कबूल करतो.

सन २००४. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. कोल्हापुरातली छोटीशी कंपनी, सहा माणसं, गिऱ्हाईक म्हणजे पतसंस्था आणि गावोगावच्या दूध संस्था. व्हिज्युअल बेसिक ६ आणि ॲक्सेस. (हसू नका, त्यातलं काही अजून चालू आहे.) मला पहिलं काम मिळालं ते 'अक्षरी रुपये'. म्हणजे ठेव पावतीवर आकड्यात रक्कम छापली की खाली ती मराठी शब्दांत छापायची.

इंग्रजीत हे सोपं आहे. सेव्हंटी आणि नाइन जोडले की झालं. मराठीत एकपासून नव्याण्णवपर्यंत प्रत्येक आकडा स्वतंत्र संस्थानिक. त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी... जवळ जाणारे, पण कुठल्या एका नियमात न बसणारे. त्यामुळे नव्याण्णव ओळींचा तक्ता हातानं टाईप करावा लागतो. मी केला. दहा ओळी लिहायच्या, कॉपी करायच्या, बदलायच्या. तसं करताना ७९ च्या ओळीत चुकून ८९ चा शब्द राहिला. एकोणऐंशीच्या जागी एकोणनव्वद.

तुम्ही म्हणाल, दिसलं कसं नाही? त्याचं कारण असं, की त्या काळी मराठी म्हणजे फाँट. मेमरीत असायची इंग्रजी अक्षरं आणि कसलीकसली चिन्हं, वरून फाँटचा मुखवटा चढवला की पडद्यावर मराठी दिसायचं. कोडच्या खिडकीत तो मुखवटा नसायचा. तिथं माझा तक्ता म्हणजे नव्याण्णव ओळींचा कचरा. एका कचऱ्याच्या ओळीत आणि दुसऱ्या कचऱ्याच्या ओळीत फरक डोळ्यांना कसा कळणार? तपासणी म्हणजे चार रकमा छापून बघितल्या. त्यात ७९ नव्हता.

दोन वर्षांनी, २००६ साली, एका तालुक्याच्या गावच्या संस्थेतून मॅनेजरसाहेबांचा फोन आला. एक आजोबा पावती घेऊन काउंटरला उभे होते. आकड्यात ७९,०००, अक्षरी एकोणनव्वद हजार. आजोबांचा प्रश्न सरळ होता : "ह्यातलं खरं कंचं?" भांडायला आले नव्हते ते. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मॅनेजरांनी नवीन पावती दिली, मी मोटारसायकलवर जाऊन तक्ता दुरुस्त केला. परत आल्यावर आठवतील त्या तीन फोल्डरांतही दुरुस्त केला. आणि विसरलो.

कारण तोवर फोल्डर झाले होते पुष्कळ. आमची पद्धतच ती होती. नवीन गिऱ्हाईक आलं की सगळ्यात अलीकडच्या गिऱ्हाइकाचा फोल्डर कॉपी, संस्थेचं नाव बदल, लोगो बदल, व्याजाचा हिशोब त्यांच्या पोटनियमांप्रमाणे वाकव, आणि सीडी. त्याला आम्ही 'कस्टमायझेशन' म्हणायचो. भारी शब्द आहे.

२०११. दुसरी संस्था. मी वर्षअखेरीच्या कामासाठी तिथं बसलो होतो. एक सभासद बाई आणि त्यांची मुलगी आत आल्या. शैक्षणिक कर्जाचा चेक, कॉलेजच्या नावानं, बँकेनं परत पाठवलेला. शेरा : आकडे आणि अक्षरं जुळत नाहीत. रक्कम ७९,५००. प्रवेशाची फी भरायची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी. मला चेक बघायचीही गरज नव्हती, काय छापलं असणार ते पाठ होतं. संस्थेच्या सचिवांनी भलेपणानं धावपळ करून दुसरा चेक लिहिला, स्वतःच्या हातानं, आणि शिपायाला डिमांड ड्राफ्ट काढायला पाठवलं. फी भरली गेली. पण त्या अर्ध्या तासात ती मुलगी भिंतीला टेकून उभी होती आणि मी तिच्यापासून चार फुटांवर संगणकात तोंड घालून बसलो होतो. ही चूक माझी आहे, आणि ती मी पाच वर्षांपूर्वी दुरुस्त केलीय, हे तिला सांगायचं धाडस झालं नाही.

(जाता जाता : चेकवर आकडा आणि अक्षर यांत फरक असेल तर कायदा अक्षराच्या बाजूनं आहे. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १८. म्हणजे माझा तक्ता हा सजावटीचा भाग नव्हता, तीच कायदेशीर रक्कम होती. हे मला २००४ साली कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.)

त्या रात्री मी सगळे फोल्डर शोधून काढले. तेवीस. सतरांमध्ये चूक तशीच. चारांमध्ये माझी २००६ ची दुरुस्ती. उरलेल्या दोनांची तऱ्हा वेगळीच. एकात कुणीतरी चुकीचा तक्ता तसाच ठेवून खाली 'रक्कम ७९ असेल तर' अशी खास अट घातली होती. ती फक्त शेवटच्या दोन आकड्यांना लागायची, ७९ हजारांना नाही. दुसऱ्यात सगळा तक्ता नव्यानं टाईप केला होता आणि त्यात ४९ चुकला होता.

तर माझं म्हणणं हे आहे. कोड कॉपी केल्यानं कोड वाया जात नाही, डिस्क वाया जात नाही, तुमचा वेळही फारसा वाया जात नाही. जातं ते एकच : चूक किती ठिकाणी राहते याचा पत्ता. दुरुस्ती करायची इच्छा आहे, अक्कल आहे, मोटारसायकलही आहे, पण जायचं कुठं कुठं हे कुणालाच माहीत नाही. ज्या दुरुस्तीला पत्ता नाही ती दुरुस्ती नव्हे. पुढच्या आजोबांची तारीख लांबवली, एवढंच.

आमच्या उद्यमनगरात हे कुणालाही सांगावं लागत नाही. फाउंड्रीत कास्टिंग काढायचं तर आधी पॅटर्न लागतो, लाकडाचा नाहीतर ॲल्युमिनियमचा. पॅटर्न शॉपमध्ये राहतो, कास्टिंग गिऱ्हाइकाकडे जातं. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न मेकरची पट्टीच मुळात वेगळी असते, आकसण्याचा हिशोब धरून वाढवलेली. आता समजा एखादा शहाणा पॅटर्न सोडून तयार कास्टिंगच वाळूत दाबून दुसरं कास्टिंग काढायला लागला. पहिलं निघालेलं थोडं लहान. त्याच्यावरून दुसरं काढलं, आणखी लहान. त्याच्यावरून तिसरं. शिवाय प्रत्येकाला आधीच्याच्या फोडी आणि खरचट्या फुकट. असल्या माणसाला फाउंड्रीवाले दारात उभा करणार नाहीत. आणि आम्ही सॉफ्टवेअरवाले बावीस वेळा कास्टिंगवरून कास्टिंग काढलं, आणि त्याचं बिलही लावलं.

का लावलं, हेही सांगतो, कारण नुसती अक्कल काढून उपयोग नाही. आम्ही मूर्ख नव्हतो. आमच्या बिलाच्या पुस्तकात प्रत्येक ओळ कुठल्यातरी गिऱ्हाइकाच्या नावावर असते. 'अमुक संस्था, नवीन रिपोर्ट, इतके दिवस.' सामाईक लायब्ररीला गिऱ्हाईक नसतं. तिच्यावर घालवलेला दिवस कुणाच्या नावे टाकायचा? मालक वाईट नव्हते, पण महिनाअखेरीस पगार त्यांना द्यायचा होता. "सगळ्यांसाठी एक करू या" म्हणालो की ते म्हणायचे, "करू की, ह्या ऑर्डरनंतर." ती 'ही ऑर्डर' कधी संपलीच नाही. हे फक्त आमच्या छोट्या दुकानाचं नाही. मोठ्या कंपन्यांत काम करणारे मित्र सांगतात, तिथंही प्रोजेक्टला कोड असतो, बजेट असतं, मॅनेजर असतो. दोन प्रोजेक्टांच्या मधल्या जागेला यातलं काहीच नसतं. म्हणून कॉपी-पेस्ट हा प्रोग्रामरचा आळस आहे असं जे पुस्तकात लिहितात ते मला अर्धंच पटतं. प्रोग्रामर आळशी असतो हे खरंय. पण त्याला आळशी राहायला पैसे मिळतात, हे जास्त खरंय.

आता दुसरी बाजू. तीच चूक सुधारल्यावर काय होतं त्याचं उदाहरण तुमच्या डोळ्यांसमोर आहे. अक्षरशः. हे जे तुम्ही मराठी वाचताय ते.

जुन्या फाँटांच्या काळात प्रत्येक कंपनीचं मराठी वेगळं होतं. एका फाँटमध्ये लिहिलेलं दुसऱ्यात कचरा. वर्तमानपत्राची वेबसाइट बघायची तर आधी त्यांचा फाँट उतरवा. दुसरं वर्तमानपत्र, दुसरा फाँट. युनिकोडनं अक्षरांचे नंबर एक केले, पण नंबर म्हणजे अक्षर नव्हे. जोडाक्षर कसं जुळवायचं, पहिली वेलांटी मागं कशी न्यायची, रफार कुठं ठेवायचा, हे काम कुणीतरी करावं लागतं. विंडोजमध्ये ते काम युनिस्क्राइब नावाच्या एका सामाईक लायब्ररीकडे गेलं आणि विंडोज २००० पासून देवनागरी सगळ्या प्रोग्रामांना आयती मिळायला लागली.

लिनक्सच्या जगातली गोष्ट जास्त मजेची आहे. फ्रीटाइप नावाच्या प्रकल्पात ओपनटाइप फाँटांची मांडणी करणारा कोड होता. तो पँगोवाल्यांनी कॉपी करून घेतला, नोममध्ये अक्षरं दाखवायला. क्यूटीवाल्यांनीही कॉपी करून घेतला, केडीईसाठी. म्हणजे आमच्यासारखंच, दोन फोल्डर. दोन्हीकडे आपापल्या दुरुस्त्या सुरू झाल्या, एकाची दुसऱ्याला खबर नाही. मग २००६ च्या सुमारास दोन्हींकडचा कोड परत एकत्र आणला आणि त्याचं हार्फबझ झालं. पुढे बेहदाद एस्फहबोद यांनी ते बहुतांश नव्यानं लिहिलं. आज क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, २०१७ पासून सगळ्या प्लॅटफॉर्मवरचं लिबरऑफिस, सगळे तीच लायब्ररी वापरतात.

याचा अर्थ काय ते मराठी माणसाला एका शब्दात सांगता येतं. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना'. पहिले विद्वान, दुसरे स्वयंपाकी. फरक फक्त रफार आणि तो वाकडा र यांचा. ही गोष्ट त्या लायब्ररीत एकदा बरोबर झाली की ब्राउझरात बरोबर, फोनवर बरोबर, आणि ज्यानं मराठीचं नावही ऐकलेलं नाही अशा कुण्या परदेशी पोरानं लिहिलेल्या ॲपमध्येही बरोबर. त्याला काही करावं लागलं नाही. आणि हाच कोड प्रत्येक ॲपच्या पोटात वेगवेगळा कॉपी होऊन बसला असता, तर एक कोटी बोलणारे असोत की आठ कोटी, आपल्या वाकड्या र साठी दारोदार फिरायला कोण जाणार होतं?

इथपर्यंत मान डोलावणारे लोक नेमके पुढच्या वाक्याला अडतात. "पण प्रत्येक गिऱ्हाइकाची गरज वेगळी असते हो!" असते. नाही कोण म्हणतंय?

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा बघितलाय का? नसेल तर शिये किंवा कसबा बावड्याच्या बाजूला चक्कर मारा, पंचगंगेवर राजाराम बंधारा आहे. पुराच्या दिवसांत टीव्हीवर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका म्हणतात ते तिथलं मोजमाप. ह्या बंधाऱ्याची कल्पना साधी आहे. नदीत पक्के खांब, खांबांना उभ्या खाचा, आणि खाचांत आडवे बसवायचे बरगे. पावसाळा संपला की बरगे घालायचे, पाणी अडतं. पावसाळ्याआधी काढायचे, पूर मोकळा जातो. हा प्रकार आमच्या गावाच्या नावानं महाराष्ट्रभर नद्यांवर बांधला गेला. प्रत्येक नदीची रुंदी वेगळी, तळ वेगळा, पाणी वेगळं. म्हणून कुणी प्रत्येक नदीसाठी बंधाऱ्याची कल्पना नव्यानं शोधली नाही. खांब आणि खाच हे ठरलेलं, किती खांब आणि किती बरगे हे त्या नदीचं.

डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली हेच लिहून ठेवलंय, बंधारा न बघता. प्रोग्रामचे तुकडे करताना कामाच्या क्रमानं करू नका, जी गोष्ट उद्या बदलेल असं वाटतं ती एकेका तुकड्याच्या पोटात लपवा. पन्नास वर्षं होऊन गेली. आम्ही अजून 'काय वेगळं आहे' विचारल्यावर अख्खा फोल्डर दाखवतो. माझ्या तेवीस फोल्डरांत खरोखर वेगळं काय होतं ते मी बसून काढलं. व्याजाचे नियम, पावतीची मांडणी, संस्थेचं नाव-गाव. बाकी सगळं तेच. वेगळं तेवढं बरगे, बाकीचे खांब.

आणि बदल येतो तो गिऱ्हाइकाकडूनच येतो असं थोडंच आहे? १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा सगळ्या दूध संस्थांचा, सगळ्या दुकानांचा हिशोब एका रात्रीत बदलला. २०२५ मध्ये तर ३ सप्टेंबरला जाहीर झालं आणि २२ सप्टेंबरला लागू. मध्ये एकोणीस दिवस. बहुतेक माल १२ आणि २८ च्या टप्प्यांतून ५ आणि १८ मध्ये आला, तूप १२ वरून ५, पाकीटबंद पनीर ५ वरून शून्य. ज्यांच्याकडे कराचा हिशोब एका जागी आणि दर तक्त्यात होते त्यांनी तक्ता बदलला, तपासला आणि दिवाळीची तयारी केली. ज्यांच्या कोडात ठिकठिकाणी 'गुणिले ०.१२' लिहिलं होतं ते त्या एकोणीस दिवसांत काय करत होते ते मला माहीत आहे, कारण त्यातल्या दोघांचे मला फोन आले. एक जण '०.१२' शोधून सगळीकडे '०.०५' करत होता. त्यात त्यानं वार्षिक १२ टक्के व्याजाचा दरही ५ करून टाकला. सभासद खूष झाले असते :)

असो. आता माझ्याच बाजूच्या लोकांना दोन शब्द. कारण सामाईक लायब्ररीचे भक्तही काही कमी नाहीत, आणि मी त्यातला एक होतो.

२०११ च्या त्या प्रकारानंतर मला झटका आला. मी 'कॉमन' नावाची लायब्ररी केली आणि सगळं तिच्यात कोंबलं. अक्षरी रुपये, तारखा, प्रिंटिंग, लॉगिन, खिडक्यांचे रंग, एका संस्थेचा व्याजाचा नियमसुद्धा, कारण तो 'पुढं कुणाला तरी लागेल'. सहा महिन्यांनी एका गिऱ्हाइकाच्या प्रिंटरसाठी समास बदलला आणि अकरा संस्थांची पासबुकं दोन ओळी खाली छापायला लागली. सकाळी साडेदहाला फोन सुरू झाले ते संध्याकाळपर्यंत. त्या दिवशी ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्यानं शांतपणे म्हटलं, "आधी एक आजोबा यायचे, आता अकरा येतात." त्याचं काही चुकलं नव्हतं. 'कॉमन' हे नाव ज्या फोल्डरला द्यावं लागतं त्यात काय आहे हे देणाऱ्यालाच माहीत नसतं. घरातली ती एक खोली असते ना, सगळी अडगळ टाकायची, तसं.

यातलं मोठं उदाहरण म्हणजे एरियन ५. ४ जून १९९६. एरियन ४ रॉकेटमधला दिशा मोजणारा कोड, चांगला चाललेला, जसाच्या तसा नव्या रॉकेटात घेतला. नवीन रॉकेटचा आडवा वेग जास्त. ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही आणि सुमारे चाळीस सेकंदांत रॉकेट आकाशात फुटलं. विशेष म्हणजे तो जो तुकडा चुकला त्याचं उड्डाणानंतर नव्या रॉकेटला काही कामच नव्हतं. कोड परत वापरला, पण तो कुठल्या गृहीतांवर उभा आहे हे परत वाचलं नाही. वापरणं म्हणजे वाचण्यापासून सुटका, अशी समजूत असेल तर मग कॉपी आणि लायब्ररीत फरक उरत नाही.

आणि मार्च २०१६ मधलं ते लेफ्ट-पॅड. अकरा ओळींचं पॅकेज, शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणारं. लेखकानं चिडून काढून घेतलं आणि जगभरचे हजारो प्रोजेक्ट बांधता येईनात. अकरा ओळींसाठी परक्या माणसाच्या दारात उभं राहायचं नसतं. एवढ्या ओळी खुशाल घरात लिहा, मी काही म्हणणार नाही.

तिसरी हरकत गंभीर आहे. सगळे एकाच लायब्ररीवर उभे असतील तर ती फोडली की सगळे गेले. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेडचं तेच होता होता राहिलं. फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी, ती सांभाळणारा मूळचा माणूस एकटा आणि दमलेला. मदत करतो म्हणून एक जण आला, दोन वर्षांहून जास्त काळ गोड राहिला आणि मग आत चोरदरवाजा बसवला. सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनीअरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला म्हणून. नशीब.

पण याच्यावरचा उपाय म्हणून "बघा, म्हणून आम्ही कॉपी ठेवतो" म्हणणारे मला भेटलेत. त्यांना मी लॉग४जे आठवून देतो. डिसेंबर २०२१. दुरुस्ती लगेच निघाली. मग महिनोन् महिने कंपन्यांची झोप कशानं उडाली? तर आपल्याकडे लॉग४जे आहे कुठं कुठं, हे शोधण्यानं. डब्यात डबा, त्याच्यात डबा, त्याच्या पोटात लॉग४जेची एक जुनी प्रत. मार्च २००२ मध्ये झेडलिबचंही असंच झालं होतं. सामाईक प्रत वापरणाऱ्यांचं एका फाइलीत भागलं, आणि ज्या प्रोग्रामांनी झेडलिब पोटात कॉपी करून ठेवलं होतं ते एकेक करून हुडकावे लागले. परत तेच, पत्ता! एक्सझेडचा धडा कॉपी करण्याचा नाहीच. ज्या खांबावर सगळे उभे आहेत तो सांभाळणाऱ्याला पगार द्या, जोडीला माणूस द्या, एवढाच आहे. बंधाऱ्याचे बरगेसुद्धा आपोआप निघत नाहीत. जूनच्या आधी कुणीतरी नदीत उतरून काढतं.

परवा त्या पोरानं मात्र एक प्रश्न असा विचारला की मी जरा थबकलो. म्हणाला, "सर, आता एआयला सांगितलं की अक्षरी रुपयांचं फंक्शन दोन मिनिटांत मिळतं. मग लायब्ररी कशाला जपायची? दरवेळी नवीन लिहून घेऊ की."

हा प्रश्न आता सगळीकडे येणार आहे, म्हणून नीट उत्तर देतो. मला २००४ साली तो तक्ता लिहायला दोन तास लागले. तुला दोन मिनिटं लागतील. चांगलंय. पण त्या तक्त्याची किंमत दोन तास कधीच नव्हती. त्याची किंमत म्हणजे ते आजोबा, ती मुलगी, तेवीस फोल्डर, आणि शून्य ते नव्याण्णव कोटींपर्यंतच्या रकमा छापून एका निवृत्त शिक्षकांकडून तपासून घेतलेली यादी. ती यादी आमच्या लायब्ररीच्या शेजारी आहे आणि काहीही बदललं की आपोआप चालते. दोन मिनिटांत मिळालेल्या तक्त्यात ७९ बरोबर असेलही. उद्या पुन्हा मागशील तेव्हा दुसरा तक्ता येईल, त्यात ४९ चुकलेला असेल का? बघणार कोण? आम्ही वर्षाला मोजकेच फोल्डर कॉपी करायचो, दमायचो म्हणून थांबायचो. तुम्ही दमणार नाही, हीच माझी भीती आहे.

यावर तो काही बोलला नाही. पटलं की कंटाळला, माहीत नाही.

आज आमच्याकडे लायब्ररी आहेत त्या चार. अक्षरी रुपये आणि तारखा, व्याज, कर, छपाई. प्रत्येकीला आवृत्तीचा नंबर आहे आणि प्रत्येकीवर एका माणसाचं नाव आहे. तो रजेवर असला तर दुसऱ्याचं. कुठली संस्था कुठली आवृत्ती वापरते त्याचा एक तक्ता आहे, आणि खरं सांगतो, चार लायब्ररींपेक्षा तो तक्ता मला जास्त प्यारा आहे. बिलात आता 'सामाईक देखभाल' म्हणून एक ओळ असते. दोन संस्थांनी ती काढायला सांगितली. एकीला समजावता आलं. दुसरी गेली.

जुन्या तेवीसांपैकी तीन फोल्डर अजून उरलेत. त्या संस्था नवीन आवृत्ती घ्यायला तयार नाहीत, जुन्या संगणकावर जुनंच चालू आहे. तक्ता तिथं दुरुस्त केलाय, पण बाकी काय काय आहे ते मलाही आठवत नाही. सोमवारी त्या पोराला घेऊन त्यातल्या एका ठिकाणी जाणार आहे. नवीन ऑर्डरचा डेमो बुधवारी होईल, तसं मालकांना सांगितलंय. ते काही खूष नव्हते.